टाकीवर माझं नाव

मार्चमधला शनिवार, सकाळ. डब्लिनजवळच्या बंदरातलं डायव्हिंगच्या सामानाचं दुकान. हजर: मी, माझा नवरा, नागपूरहून आमच्याकडे मेनूथला आलेली माझी आई आणि दुकानाची मालकीण. गैरहजर: आमच्या क्लबातले वयस्कर प्रशिक्षक. त्यांचं मत मात्र नवऱ्याने सोबत आणलं होतं.

मत असं की, मी पाठीवरची हवेची टाकी दहा लिटरची घ्यावी. उंची बेताची, पन्नाशी जवळ आलेली. बाराची झेपणार नाही.

तोवर मी क्लबाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या वापरत होते. इथल्या गार पाण्यात आत पाणी न शिरणारा जाड सूट लागतो. त्यातली हवा माणसाला वर ढकलते, म्हणून कमरेला शिसं बांधायचं. शिवाय आतली हवा संपत आली की अ‍ॅल्युमिनियमची टाकीही वर ओढू लागते, म्हणून आणखी शिसं. स्टीलची टाकी शेवटपर्यंत पाण्यात जड राहते. शिसं कमी लागतं.

पण स्वतःची टाकी घेण्याचं खरं कारण वेगळं होतं. माझी टाकी गाडीतून पाण्यापर्यंत नेहमी प्रशिक्षकच नेत. "यू आर ग्रँड, राहू दे, मी आणतो," म्हणत. फेब्रुवारीत एकदा त्यांनी लाटांकडे पाहिलं आणि माझी टाकी गाडीतच ठेवली. माझ्यानंतर शिकलेले दोघे पुरुष त्या दिवशी उतरले. मी किनाऱ्यावर त्यांचे टॉवेल सांभाळले. टाकी ज्याच्या हातात, पाण्यात कोण उतरणार ते तोच ठरवतो, हे मला तेव्हा कळलं.

"दहाची घे," नवरा म्हणाला. "मी नसलो तर उचलणार कोण?"

"तू नसशील असंच धरून आलेय."

दहाच्या टाकीतली हवा लवकर संपते. पंधराची उंच, माझ्या कमरेखाली टोचत होती. मी बाराची बुटकी, रुंद टाकी पाठीवर चढवली, दुकानाच्या पायऱ्या उतरून धक्क्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. धाप लागली, ती लपवली नाही.

"हीच," मी म्हणाले.

आई आतापर्यंत टाकीवर बोटांनी टकटक करून पाहत होती. "स्टीलची हाये नं? मग नाव टाकून घे तिच्याकडून. नाही तं दुसराच कोणी घेऊन जाईन."

मला ते अगदी रास्त वाटलं. भांड्यांच्या दुकानात पातेलं घेतलं की तिथंच नाव घालून मिळतं. लग्नातल्या माझ्या प्रत्येक भांड्यावर सासऱ्यांचं नाव आहे. मी मालकिणीला विचारलं, यावर नाव कोरून मिळेल का?

तिने टाकीवर हात ठेवला, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा. "कोरायचं नाही. आत केवढा दाब असतो! ओरखडा खोल गेला तर तपासणीत बाद होईल. रंगाने लिहा."

"पातेल्याले चालते, याले काहून नाही?" आईने विचारलं.

"पातेलं फुटलं तर वरण सांडतं, आई," नवरा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "रंगाने तर रंगाने. आडनाव लिही. घरातली वस्तू आहे."

"आडनाव पातेल्यांवर आहे, तेवढं पुरे. यावर माझं नाव."

आईने मान हलवली. "बरोबर हाये. पाण्यात ती जाते, आडनाव नाही जात."

पुढच्या शनिवारी प्रशिक्षक आमच्या गाडीकडे आले, तेव्हा टाकी माझ्या पाठीवर होती. "जड आहे ती," ते म्हणाले.

"हो. म्हणूनच घेतली."

त्यांनी लाटांकडे पाहिलं. मीही पाहिलं. उतरण्यासारख्या होत्या. माझ्यासोबत पाण्यात उतरणाऱ्या क्लबातल्या जोडीदारालाही तसंच वाटलं. आम्ही उतरलो.

पांढरा रंग आणि ब्रश सिंकखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या बोलीतल्या कपाटात, पडून आहेत. डब्यावर लिहिलंय, रंग पक्का होईपर्यंत, म्हणजे आठवडाभर, वस्तू भिजवू नये. टाकी दर शनिवारी समुद्रात असते, मधल्या दिवसांत हवा भरायला जाते. नाव लिहायचं राहिलं आहे.