दीडपटांचा रेडिएटर

त्यांना 'दीडपट' हे नाव बायकोनंच ठेवलं, लग्नानंतर वर्षाच्या आत. तिनं स्वयंपाकघरात कपबशांपुरती एक फळी मागितली होती. यांनी अशी दणकट फळी ठोकली की तिच्यावर उभं राहून दिवा बदलता यावा. फक्त त्या दिवसापासून स्वयंपाकघराचं दार पूर्ण उघडेना. आजही उघडत नाही. पाहुणे तिरके होऊन आत येतात आणि बायको चहाचं आधण ठेवता ठेवता सांगते, "आमच्या दीडपटांची करणी. पोट आत घ्या, म्हणजे याल."

माप कळत नव्हतं असं नाही. रेडिएटर दुरुस्त करण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. गळका रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवायचा, आत हवा सोडायची, आणि बुडबुडा उठेल तिथं डाग द्यायचा. पण जिथं एक डाग पुरे, तिथं ते शेजारच्या धडधाकट जागेवरही एक देत. असू दे, लागेल उद्या. मुलीला बूट घेतले तर पुढं कापूस कोंबून ती शाळेत जाई. बायकोची नोकरी सकाळच्या पाळीची, म्हणून मुलीची वेणी यांच्याकडे. ती सुटू नये म्हणून इतकी आवळून घालत की पोरीच्या भुवया वर चढत. एकदा बाईंनी पालकसभेत काळजीनं विचारलं होतं, "घरी सगळं ठीक आहे ना? मुलगी कायम दचकल्यासारखी दिसते."

ती मुलगी आता दातांची डॉक्टर झाली होती. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघायचं आणि रविवारी ट्रॅकवर जाऊन गाडी पळवायची, असा तिचा नेम. गाडी जुनी, दोन दारांची, पण इंजिन असं की घरासमोर चालू केली तर कपाटातली भांडी वाजत. दुखणं एकच होतं. चार फेऱ्या जोरात मारल्या की तापमानाचा काटा तांबड्याकडे सरकायचा आणि तिला मुकाट्यानं बाहेर यावं लागायचं. गाडीबरोबर आलेला रेडिएटर बाजारहाट करण्यापुरता; शर्यतीची धग त्याला सोसवत नव्हती.

एका संध्याकाळी जेवताना तिनं सहज विचारलं, "बाबा, मोठा रेडिएटर तुम्ही बनवाल? नाहीतर तयार मिळतो, तो मागवते."

त्यांचा घास हातातच राहिला. कॉलेज सुटल्यापासून पोरीनं त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. उलट तीच त्यांचे दात तपासून त्यांना रागवायची.

"मागवायचा कशाला?" ते म्हणाले. "मी काय मेलोय?"

"झालं," बायको म्हणाली. "आता गाडीला मागं एक खोली वाढवावी लागणार."

त्यांची हयात तांब्या-पितळेत गेलेली. हा रेडिएटर मात्र अ‍ॅल्युमिनियमचा, म्हणून जोडकामाला मेहुणा आला. हात सोन्याचा आणि जीभ तिखट, असा हा वेल्डिंग करणारा बायकोचा धाकटा भाऊ. रेडिएटरचा गाभा म्हणजे पाणी वाहणाऱ्या चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये वाऱ्यासाठी कागदासारखी पातळ पाती. यांनी नळ्यांच्या रांगा वाढवल्या, पाती दाट केली. गाभा मूळच्या दीडपट जाड झाला, हे सांगायला नकोच. पंखा बसेना, तर पातळ पंखा शोधून आणला. हौदात बुडवून हवा सोडली. एक बुडबुडा उठला नाही. गावभर गाडी फिरवली. काटा जागचा हलला नाही. यांनी मेहुण्याला दोनदा चहा पाजला.

ट्रॅकवर मात्र चौथ्या फेरीला गाडीचा आवाज उतरला. लेक हळूहळू बाहेर आली, बॉनेट उघडून बाजूला उभी राहिली. काटा पूर्वीइतकाच वर.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "रेडिएटर केलात की भिंत बांधलीत?"

ते पाण्याची बाटली आणायला म्हणून निघून गेले. परत येताना गाडीच्या पलीकडून लेकीचा आवाज कानावर पडला. ती मामाला सांगत होती, "तयार रेडिएटर मी बघून ठेवलाय मामा. स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. पण बाबांचं मन मोडवत नाही रे."

त्यांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. नाही म्हणाली असती तर परवडलं असतं. पोरीनं सांभाळून घ्यावं, इतके का आपण कामातून गेलो? त्यांनी बाटली तिच्या हातात दिली.

"अजून एकदा करू दे," ते म्हणाले. "तेव्हाही तापली तर तुझा तो मागव. मीच बसवून देईन."

 तिनं मान डोलावली.

घरी आल्यावर त्यांनी बायकोच्या टोपलीतली निळी लोकर उचलली. तिचे बोटभर तुकडे कापून गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढं आणि कडांना, चिकटवले. मोकळ्या रस्त्यावर लेकीनं गाडी चालवली आणि मेहुण्यानं शेजारच्या गाडीतून मोबाइलवर चित्रण केलं. रात्रीच्या जेवणाआधी सगळे त्या इवल्या पडद्यावर डोकी खुपसून बसले. सगळे धागे आत ओढले जायला हवे होते. पण मधले धागे दिशाहीन फडफडत होते, आणि कडेचे सरळ बाजूच्या फटींकडे वळले होते. वारा रेडिएटरच्या दाराशी येत होता आणि बगल देऊन निघून जात होता.

"माझ्या स्वेटरची बाही गेली ती गेली," बायको म्हणाली, "पण वाऱ्याचं तरी काय चुकलं? आपल्या स्वयंपाकघरासारखं दार केलंत तर कोण आत येईल?"

मेहुणा खो खो हसला. लेकीनं ओठ दाबले. हे मात्र हसले नाहीत. उठून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

दुसरा रेडिएटर करताना त्यांच्या हातांना फार त्रास झाला. गाभा पातळ ठेवायचा, पाती विरळ ठेवायची. वाढवायचं ते उंचीत आणि रुंदीत, तेही गाडीत जागा आहे तेवढंच. नळ्यांची एकेक रांग गाळताना दर वेळी वाटे, असू द्यावी. मेहुणा वेल्डिंगची काच वर करून नुसता बघे, आणि हे गुमान ती बाजूला ठेवत. बाजूच्या फटी त्यांनी पत्र्यानं आणि रबरानं अशा बंद केल्या की वाऱ्याला पात्यांतून जाण्यावाचून वाट उरू नये. पुन्हा लोकर चिकटवली. या वेळी निळे धागे एका रांगेत आत झुकले. लेक "बाबा, बघा!" म्हणून ओरडली, तेव्हा ते नाक शिंकरायला बाहेर गेले.

इथंच थांबले असते तर ते दीडपट कसले?

ट्रॅकवर जायच्या आदल्या दिवशी त्यांच्या मनात आलं, पाती केवढी नाजूक, आणि पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडणारा खडा म्हणजे बंदुकीची गोळी. त्यांनी पुढं एक बारीक जाळी बसवली. मग हात फिरवून पाहिला, आणि तिच्यावर आणखी एक.

सकाळी ट्रॅकवर लेक हातमोजे चढवत गाडीसमोर आली आणि थबकली.

"बाबा, हे काय?"

"जाळी. खडा लागला तर पाती मुडपतात गं."

"मुडपू देत."

"नळी फुटली तर?"

"तर मी थांबेन. काटा बघायला मी आहे ना आत." तिचा आवाज चढला नव्हता, घाबरलेल्या पेशंटशी ती असंच बोलत असणार. "बाबा, वारा आत जाऊ द्या. तुम्हीच शिकवलंत ना परवा?"

मेहुणा पुढं झाला, स्क्रूड्रायव्हर उचलायला. यांनी त्याला हातानं थांबवलं. एकेक स्क्रू स्वतः काढला. वरची जाळी निघाली, मग खालची. उघडा रेडिएटर उन्हात चकाकत होता, आणि त्यांना तो लहान मुलाच्या उघड्या छातीसारखा दिसला. दोन्ही जाळ्या काखेत धरून ते कठड्यापाशी जाऊन उभे राहिले.

चौथी फेरी गेली. गाडीचा आवाज उतरला नाही. त्यांनी काखेतल्या जाळ्या आणखी आवळल्या. गाड्या घोळक्यानं वळणावर आल्या, पुढच्या गाडीनं कडेची खडी उडवली, आणि त्या गोंगाटातही त्यांना टण्ण असा आवाज ऐकू आला. निदान त्यांचं म्हणणं तसं. मेहुणा म्हणतो, काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"लागला," ते म्हणाले.

"लागू द्या हो भाऊजी. पळतेय बघा कशी!"

ती पळत राहिली. वेळ संपल्याचा झेंडा दिसेपर्यंत, इतर गाड्यांबरोबर, कुणापुढं, कुणामागं. बाहेर आली तेव्हा केस घामानं डोक्याला चिकटलेले होते, आणि चेहरा असा की शाळेतल्या त्या बाईंनी पाहिला असता तर काळजी केली नसती. "काटा मधे," ती म्हणाली. "पूर्ण वेळ मधे. बाबा, हलला नाही हो!" आणि तशीच, हातमोज्यांसकट, त्यांच्या गळ्यात पडली.

मग दोघांनी वाकून पाहिलं. रेडिएटरच्या डाव्या कोपऱ्यात खड्यानं नाण्याएवढ्या जागेतली पाती चेपली होती. नळी शाबूत होती. त्यांनी खिशातून एक छोटा कंगवा काढला; पाती सरळ करायचा, बारीक दात्यांचा. गाडीपुढं मांडी घालून बसले आणि चेपलेली पाती वरून खाली, हलक्या हातानं विंचरू लागले. लेकही शेजारी टेकली.

"माझे केस असे हळू कधी विंचरले नाहीत," ती म्हणाली.

"तुझे केस जास्त गुंतायचे."

"आता द्या इकडे. पुढच्या वेळी मलाच करायचंय."

त्यांनी कंगवा तिच्या हातात दिला आणि नुसतं बघत राहिले. एक पातं ती वाकडं फिरवत होती. त्यांचा हात उठला, गुडघ्यापर्यंत आला, आणि तिथंच बसला. दुसऱ्या खेपेला तिचं तिलाच जमलं.

तयार रेडिएटर मागवला गेला नाही. कंगवा लेकीच्या हत्यारांच्या पेटीत गेला. त्या दोन जाळ्यांपैकी एक बायकोनं माशा येऊ नयेत म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीला लावून घेतली. आठवड्यानं त्यांची पँट धुवायला काढताना तिला खिशात काहीतरी टोचलं. तिनं काढून पाहिलं. तसाच, कोराकरकरीत, दुसरा कंगवा.

तिनं तो पुसला, आणि त्या दणकट फळीवर, कपांच्या मागं, ठेवून दिला.