फक्कीमामांची रेघ

फक्कीमामांनी मारलेली रेघ पुसायची हिंमत हेडमास्तरांचीही नव्हती. एरवी ते शाळेचे शिपाई, पण वर्षातला एक दिवस मैदान त्यांचं. त्या दिवशी आमची आणि पलीकडच्या शाळेची रग्बीची मॅच असायची. कोल्हापुरातले फुटबॉलवाले आम्हाला हसायचे, नारळ घेऊन कुठं पळताय म्हणायचे. हसू देत. त्या एका मॅचसाठी आम्ही वर्षभर गुडघे सोलून घ्यायचो.

मॅचच्या सकाळी मामा डबा घेऊन चुन्याची फक्की मारायचे. त्याचा रिवाज ठरलेला. दोरीचं एक टोक आमच्या खांबाला, दुसरं पलीकडच्या शाळेचे शिपाई बाबालालचाचा यांच्या हातात. दोघं एकमेकांच्या शाळेचा यथेच्छ उद्धार करायचे आणि मग एकाच कागदावर भजी खायचे. "दोरी दोघांची, मग रेघ कुणाच्या बापाची न्हाय," असं मामा म्हणायचे.

मी कॅप्टन होतो ते माझं शाळेतलं शेवटचं वर्ष. शेवटच्या मिनिटाला मी झेपावलो आणि चेंडू टेकवला; रेघेवर टेकला असता तर जिंकलो असतो, पण रेघ वीतभर पुढं. हरलो. बघतो तर रेघ नेमकी तिथंच बाहेर फुगलेली! मी मामांना सगळ्यांदेखत नाही नाही ते बोललो. "हात हलला माझा," एवढंच ते म्हणाले. पुढच्या वर्षी हेडमास्तरांनी त्यांच्याकडून डबा काढून घेतला. मामा परत मैदानात उतरले नाहीत.

आता मी त्याच शाळेत पीटीचा मास्तर आहे. गेल्या वर्षी मामा गेले. रक्षाविसर्जनाला बाबालालचाचा आले होते. त्यांच्या हातातला चहाचा कप लटलट हलत होता.

"हे तवापास्नंच हाय," ते म्हणाले. "दोरी माझ्या हातात ढिली पडली हुती. तुझा मामा म्हणाला, गप बस, तुझ्या नोकरीचं एकच वर्ष ऱ्हायलंय."

मला रडू आवरेना. माफी मागायची होती, पण आता कुणाकडं मागू?

यंदा मॅचच्या सकाळी मी चाचांना घरून घेऊन आलो. दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं, डबा मी घेतला. रेघ चांगलीच नागमोडी आली. दोन्ही शाळांच्या कॅप्टनना बोलावून मी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत दाखवली आणि म्हटलं, "नीट बघून घ्या. रेघ हीच."