भूक नसताना माहेरी

मला भूक लागायची ती साधीसुधी नाही. शाळेतून आले की दप्तर कुठं पडलं, चपला कुठं गेल्या, कशाचं भान नसायचं. थेट चुलीपाशी. टोपल्यातली सकाळची भाकर, तिच्यावर जवसाची चटणी, चटणीवर तेल, आणि उभ्याउभ्याच घास. माय ओरडायची, "अवो, बस तं खरी! कोनी पळवून नाई नेऊन राह्यलं तुही भाकर!" बसायला वेळ कुणाला होता? पोटातलं ते कुरतडणं आणि पहिल्या घासाबरोबर अंगभर उतरणारं ते सुख मला आता पन्नाशी ओलांडल्यावर इतकं आठवतं की काय सांगू! कारण ती भूक आता नाही. मीच घालवली, सुई घेऊन.

सुई म्हणजे भूक कमी करणारी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी, आठवड्यातून एकदा पोटाला टोचायची. गुडघे बोलायला लागले होते, साखर वाढली होती. मी शाळेत शिकवते. जिना चढताना मधेच थांबून मुलींवर उगाच ओरडायचे, म्हणजे त्यांना वाटावं बाई रागवायला थांबल्या. धाप लागली हे कळायला नको. शेवटी वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं, "मॅडम, आता एक तर वजन उतरवा, नाही तर गुडघे बदलायची तयारी करा." मी वजन म्हटलं. फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे ती सुई ठेवलेली असते. शुक्रवारी शाळेतून आलं की पोटाची कातडी चिमटीत धरायची, टोचायचं, झालं. दुखत नाही.

दुखतं ते वेगळंच. सकाळी दात घासताना दुपारच्या डब्याचा विचार करणारी बाई मी. डबा खाताना संध्याकाळी भाजी कोणती, हा विचार. ते सगळं डोक्यातून गेलं. चार घासांत पोट भरतं आणि पुढे रेटलं की मळमळ सुरू. वजन उतरलं, जिना न थांबता चढते, साखर खाली आली. मी खूश आहे, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी शेजारून कांदा परतल्याचा वास येतो आणि आपल्या पोटात काहीच हलत नाही, तेव्हा फार एकटं वाटतं. एवढ्या वर्षांची सोबत होती ती. बरं, हे बोलणार कुणापाशी? नवऱ्याला तेवढं माहीत होतं. बाकी सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं की फिरायला जाते म्हणून बारीक झाले. सुई घेते म्हटलं की बाया अशा पाहतात, जशी काही मी चोरी करून आले!

आणि अशात एका शनिवारी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, हिंगणघाटला राहतो. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

"बाई, उद्या जेवाले येजो. रोडगे लावतो," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

मी खाटेवर बसूनच राहिले. आनंद झाला, रडू आलं, आणि लगेच सुई आठवली. आदल्याच दिवशी मी सुई घेतली होती, आणि तीही वाढवून दिलेल्या डोसची पहिलीच. सकाळपासून पाणीसुद्धा नको वाटत होतं.

कुणी म्हणेल, त्यात काय, दोन घास खाऊन उठायचं. नाही हो, तसं नाही. आमच्या घराची रीत माहीत असल्याशिवाय ते नाही कळायचं.

बाबा जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे तर केसांत, भुवयांत कापूस. बोलणं कमी. मायचंही कमीच. आमच्या घरात राग तोंडातून निघत नसे, ताटावर निघायचा. रागावलं की जेवायचं नाही. आणि एक जेवला नाही की बाकीचे जेवणार नाहीत, ताटं झाकून बसणार. ज्याच्यामुळे रुसवा झाला त्यानं उठायचं, रुसलेल्याजवळ जायचं, हात धरायचा आणि म्हणायचं, "चाल, जेवाले चाल." चूक कोणाची, काय झालं होतं, याची चर्चा नाही. माफी वगैरे शब्द आमच्या घरी कधी ऐकलेच नाहीत. रुसलेला उठून आला, त्यानं पहिला घास घेतला, की भांडण मिटलं. "राग आला का?" असं बाबांनी मायला विचारलेलं मला आठवत नाही. "जेवली का?" हे मात्र रोज विचारायचे.

या कारभारात मी कायम हरायची, भुकेपायी. रुसून घरामागे कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाआड जाऊन बसायची. दादाला ठाऊक होतं ही काय टिकत नाही, म्हणून तो मुद्दाम उशिरा यायचा. आला की लांबूनच कान देऊन उभा राहायचा. "थांब थांब, पोट बोलून राह्यलं तुहं! इथवर आयकू येते!" मला हसू फुटायचं, मग हसल्याचा राग यायचा, आणि त्या रागातच मी त्याच्या आधी चुलीपाशी पोचलेली असायची.

त्याचा रुसवा मात्र पक्का. तो नदीवर जाऊन बसायचा. इकडे ताटं झाकलेली, बाबा भिंतीला टेकून गप्प, माय चुलीतली राख उगाच सारखी करते. मग मायच म्हणायची, "जाय वो, आन त्याले." भांडण बाबांशी असलं तरी धाडायचे मलाच, कारण तो माझ्याच हाताला उठायचा. भुकेनं कासावीस होऊन मी पळत सुटायची. त्याचा हात ओढत म्हणायची, "चाल ना रे दादा, मले लय भूक लागली." तो माझ्या तोंडाकडे पाहायचा आणि उठायचा. परत येताना तो पुढे, मी मागे, आणि घरून वरणाला फोडणी दिल्याचा वास. तसं जेवण मग कुठल्याच हॉटेलात, कुठल्याच लग्नात मिळालं नाही. काय दिवस होते ते!

चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीचा मंगल परिणय झाला. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, पंगती बसल्या. दादा पहिल्या पंगतीत बसला. पोरीचा मामा, तो नाही बसणार तर कोण? पत्रावळीवर वाढून झालं होतं. तेवढ्यात वाढणाऱ्यांपैकी कुणीतरी येऊन म्हणालं, "काकाजी, ही पंगत पोराकडच्यांची आहे, तुम्ही पुढच्या पंगतीत बसा." दादा वाढलेलं तसंच सोडून उठला आणि मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला. बराच वेळ उभा होता. मी बोलवायला येईन म्हणून. हे सगळं मला नंतर वहिनीनं सांगितलं. मी तर स्टेजवर आहेराच्या गर्दीत अडकलेली, मला कुणी सांगितलंच नाही. बिदाईच्या वेळी पोरगी मामाला शोधते, तर मामा केव्हाच हिंगणघाटच्या गाडीत बसून गेलेला.

मला असा संताप आला! माझ्या पोरीच्या लग्नातून माझा भाऊ उपाशी निघून जातो म्हणजे काय? त्या दिवशी मीही जेवले नाही. तो म्हणे, ती मला न्यायला आली नाही. मी म्हणे, तो गेलाच का? चार वर्षं दोघंही आपापल्या जागी बसून राहिलो. वहिनी अधूनमधून फोन करायची, तेव्हा मागे त्याचं खाकरणं ऐकू यायचं, पण बोलायचा नाही. आणि आता थोरला असून त्यानंच आधी जेवायला बोलावलं होतं. आमच्या भाषेत त्यानं येऊन माझा हात धरला होता. आता मी जेवले तर मिटलं. आणि जेवता आलं नाही तर संपलं, पुन्हा तो काही बोलवणार नाही.

"सांगून टाक ना त्याले सुईचं," नवरा म्हणाला.

"तुमाले नाई समजत," मी म्हटलं. एक तर लाज. आणि दुसरं म्हणजे, चार वर्षांनी भाऊ बोलवतो आणि बहीण येऊन म्हणते की मला भूकच लागत नाही. कोण ऐकून घेणार हो? आमच्याकडे तर रुसलेला माणूस नेमकं हेच म्हणतो.

पोटात जागा राहावी म्हणून रविवारी सकाळपासून काहीच खाल्लं नाही. चुकलंच ते. बसमध्ये मळमळ आणखी वाढली. खिडकीला डोकं टेकून हिंगणघाटपर्यंत गेले.

दादा घरामागे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर करून त्यात रोडगे भाजत होता. जाड्याभरड्या कणकेचे हे गोळे, आमच्याकडे पुरुषमाणसंच लावतात. केस पार पांढरे झाले होते त्याचे. सदऱ्यावर राख. त्यानं वर पाहिलं.

"बारीक झाली वो."

"फिराले जाते."

"हं," म्हणाला आणि चिमट्यानं रोडगा उलटा केला.

तो वास! गोवरीच्या धुराचा आणि करपत्या कणकेचा. लहानपणी बाबा असेच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आर करायचे. रोडगा फडक्यात धरून फोडायचे, आत तूप सोडायचे आणि पहिला मला द्यायचे, कारण मला धीर नसायचा. दर वेळी माझी जीभ भाजायची, दर वेळी दादा हसायचा. सगळं समोर उभं राहिलं. डोळ्यांत पाणी आलं, तोंडात मात्र नाही.

आत पानं मांडली. दादानं स्वतः रोडगा फोडला, माझ्या ताटात घातला, तुपाची धार धरली, वांग्याची भाजी वाढली. आणि समोर बसला. हात ताटाजवळ, पण घास उचलेना. माझी वाट पाहत होता.

पहिला घास घेतला. छान होता, खरंच छान होता. दुसरा घेतला. तिसरा कसाबसा उतरवला. चौथा तोंडात फिरायला लागला, गिळवेना. कपाळाला घाम फुटला. "घ्या ना बाई, भाजी आवडली नाई का?" वहिनी म्हणाली. मी मान हलवली आणि लहान पोरं करतात तसं ताटातलं इकडचं तिकडे करत बसले. किती वेळ करणार?

दादानं आपला हात मागे घेतला.

"म्हंजे अजून राग हाय," तो म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला. आणि ताट पुढे सारलं. वहिनीनंही हात थांबवला. तो उठणार हे मला कळलं. जमिनीला हात टेकलाच होता त्यानं.

"दादा, बस! राग नाई. सुई घेते मी."

"कायची सुई?"

"भूक मारायची. डॉक्टरनं देल्ली. वजन उतरवाले. खरंच नाई जात रे घास, मले वांती होईन."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग वहिनीकडे पाहिलं. "भूक मारायची सुई? बाप्पा! आपले बाबा तं नुसतं पानी पिऊन मारे वो." वहिनीला हसू आलं आणि लगेच तिनं ते आवरलं. मी गुडघ्याचं सांगितलं, साखरेचं सांगितलं, जिन्यावर थांबून पोरींवर ओरडायचे तेही सांगितलं. फिरायला जाते हे खोटं होतं, तेही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. हात अजून ताटाबाहेरच.

"असन," तो म्हणाला. "तब्येतीसाठी असन तं घे. पन मंग मले कसं समजन? तुले राग आला का नाई आला, ते?"

थट्टा नव्हती त्यात. साठीचा माणूस मला अगदी मनापासून विचारत होता. त्याला दुसरी रीत ठाऊक नव्हती. मला तरी कुठं होती?

"सांगीन मी," मी म्हटलं.

"तोंडानं?"

"तोंडानं."

"मंग सांग."

मला वाटलं नव्हतं इतकं जड जाईल. "आला होता, दादा. लय आला होता. माह्या पोरीच्या लग्नातून तू उपाशी गेला. ते चार वर्षं मले खाऊन राह्यलं." पुढचं रडण्यातच गेलं.

"मी बाहेर उभा होतो तुह्यासाठी," तो म्हणाला. तोही खाली पाहत होता. "वाटलं, आता येईन, मंग येईन."

"मले कोनी सांगतलंच नाई रे. सांगतलं असतं तं भर मांडवातून पळत आली असती."

त्यानं बाहीनं नाक पुसलं. 

"आता?" त्यानं विचारलं.

"आता नाई."

"नक्की?"

"नक्की. जेव तू."

त्यानं माझ्या ताटाकडे पाहिलं. अख्खा रोडगा तसाच पडला होता, वर तूप थिजलेलं. त्याचं मन होईना. मग त्यानं आपलं ताट जवळ ओढलं, तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. चावताना माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं दुसरा घास घेतला. मी त्याच्याजवळ सरकून बसले आणि तो पोटभर जेवला. मी न जेवता बसलेली, आणि दादा जेवला. आमच्या घरात हे याआधी कधी झालं नव्हतं.