चहाच्या पेटीतली ऊब

आधीच सांगून टाकतो. भूत, भानामती, अंगात येणं, कौल लावणं यातल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास नव्हता, आणि आज ऐंशी ओलांडल्यावरही नाही. मी वायरमन. पंचगंगेच्या काठी मसणवट्याजवळच्या खांबावर एकटा चढून दिवे जोडलेत. खाली चिता जळत असायची, आणि काम झालं की मी तिथंच दगडावर बसून भाकरी सोडायचो. शाळा तिसरीपर्यंत. तेव्हा लिहिण्यात चुका असतील त्या छापणाऱ्यानं दुरुस्त कराव्यात. गोष्टीत मात्र काही दुरुस्त करू नये. ती जशी घडली तशीच लिहिली आहे.

काळ पन्नास सालानंतरचा, एसटी नवीनवी होती तेव्हाचा. मंगळवार पेठेत आमचं दोन खणी घर. पुढं सोपा, मधी माजघर, मागं चूल आणि परडं. तोंड उत्तरेला आणि समोर दुमजली भिंत, त्यामुळं थंडीत सोप्यात उन्हाचा कवडसाही यायचा नाही. गल्लीत वीज असलेली घरं मोजकी, त्यात आमचं एक. वायरमनच्या घरात अंधार कसा चालेल?

घरात मी, माझी बायको हौसा आणि माझी थोरली बहीण आक्का. आक्काचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, लॉरीवर ड्रायव्हर होते. बेळगावच्या पल्याड माळावर रस्त्यात एक कासव सापडलं ते त्यांनी घरी आणलं होतं. ओंजळीएवढं, काळं, पाठीवर पिवळ्या चांदण्या. "पावणं आलंय, जेवाय वाढ," असं म्हणाले आणि तेच नाव पडलं... पावणं. पुढं दाजी विषमज्वरानं गेले. सासरच्यांनी आक्काला गडहिंग्लजहून एसटीत बसवून दिलं. बरोबर एक ट्रंक, आणि बुट्टीत पावणं.

आक्का कमी बोलायची. जे काय बोलायची ते पावण्याशी. त्याला जास्वंदीचं फूल भारी आवडायचं. ते मान लांब करून फूल ओढायचं आणि आक्का हसायची. ती हसलेली आम्हाला तेवढीच दिसायची.

दिवाळी झाली आणि त्या वर्षी थंडी लवकर पडली. पावण्याच्या नाकातनं फुगे यायला लागले. डोळे मिटलेले, मान आत. फूल पुढं धरलं तर हलेना. आक्कानं ताट बाजूला सारलं.

"पावणं जेवलं की जेवते मी."

पहिल्या दिवशी हौसा हसली. दुसऱ्या दिवशी तिनं हातापाया पडून बघितलं. आक्का नुसत्या चहावर. चौथ्या दिवशी नळावरनं घागर घेऊन आली ती उंबऱ्यातच बसली, उठवेना. तेव्हा मी कासव पिशवीत घातलं आणि गुरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर आधी हसले. मग त्यांनी त्याला उजेडात धरून नीट बघितलं आणि म्हणाले, "थंडी बाधलीय. ह्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, बाहेरून द्यावी लागते. कोरडी जागा, रात्रंदिवस ऊब, दिवसा चांगला उजेड. देता आलं तर जगेल. नाहीतर आठ-दहा दिवस."

मी म्हटलं, "उजेड आणि ऊब? साहेब, मग चुकून बरोबर माणसाकडं आलंय ते."

घरी येऊन आक्कापुढं उभा राहिलो. "हे बघ, ह्याला मी मरू देत न्हाय. शिरपा मिस्त्रीचं काम कधी फेल गेलंय?" माझी तिच्यापुढची आजवरची सगळ्यात मोठी बढाई ती. पण त्या वेळी ती बढाई नव्हती. मला खरंच तसं वाटत होतं.

बाजारातनं चहाची रिकामी पेटी आणली. फळ्यांची, कडेनं पत्र्याची पट्टी ठोकलेली, आतनं चंदेरी कागद लावलेला. तो कागद ऊब परत फिरवतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं, हात लावून कळलं. पेटी आडवी केली, तोंडाला गोणपाटाचा पडदा. वरच्या बाजूला पत्र्याचं टोपण करून एक दिवा सोडला, दिवसाच्या उजेडासाठी. उबेलाही तोच रात्रभर ठेवला, तर पावणं झोपेना, सारखं फळीला धडका मारायचं. मग डोकं चालवलं. पेटीच्या एका टोकाला चार विटा मांडल्या, मधी चिनी मातीचा होल्डर आणि चाळीस पावरचा दिवा, त्यावर गाडगं पालथं घातलं आणि वरनं-भोवतीनं नदीची कोरडी वाळू. उजेड गाडग्यात कोंडलेला, ऊब तेवढी वाळूत. दोन दिवे, दोन वेगळी बटणं. झाकायच्या आधी दिवा लावून बघितला, लख्ख पेटला. बंद केला, गाडगं घातलं, वाळू ओतली, आणि मग पेटी सोप्याच्या भिंतीला चिकटवून सरळ रेषेत बसवली. माझं काम तिरकं दिसलेलं मला खपत नाही. मग बटण दाबलं ते दाबलंच.

हौसा कमरेवर हात ठेवून बघत होती. "माझ्या कंबरदुखीला एवढी शेक-शेगडी न्हवती केलीसा!"

"तुला पाठीवर ढाल न्हाय, म्हणून तुझी काळजी कमी," मी म्हटलं. आक्काच्या तोंडावर जरासं हसू आल्यासारखं झालं.

आता ऊब पुरते का नाही हे कसं कळणार? थर्मामीटर कुणाकडं होता! आक्का रोज सकाळी खोबरेलाची बाटली चुलीपुढं धरून वितळवायची ते माझ्या डोळ्यापुढं होतं. मी दोन वाट्या घेतल्या, दोन्हीत खोबरेल. एक फडताळात, एक पेटीत वाळूवर. सकाळी उठून बघितलं. फडताळातलं तेल पांढरं, दगडासारखं. पेटीतलं पाण्यासारखं. मी वाटी सगळ्या गल्लीत फिरवून दाखवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पावण्यानं मान बाहेर काढली. आक्कानं फूल पुढं धरलं. ते बघत राहिलं... बघत राहिलं... आणि ओढलं. हौसानं आक्काचं ताट वाढून आणलं. आक्का पेटीपुढंच बसून जेवली. मी परड्यात जाऊन तोंड धुतलं, उगाचच.

त्यानंतर दीड महिना पेटी तशीच. आक्का वरचा दिवा सकाळी लावायची, दिवस मावळला की बंद करायची. खालच्याला कुणी हात लावत नव्हतं. रोज सकाळी तेलाची वाटी बघायची हा नेम. एक दिवस खाडा नाही, आणि एक दिवसही ते तेल थिजलेलं सापडलं नाही. पावणं वजनाला चढलं, आक्काही चढली. लोक बघायला यायला लागले.

आमच्या वायरमन लोकांतच एक बाबू मिस्त्री होता. कामाला चोख, जिभेला तिखट. एक दिवस सकाळीच आला.

"काय शिरपा, बाळंतीण कशी हाय?"

"ये की, बघ. शीक जरा."

त्यानं वाळूत बोट घातलं. "चाळीसचा दिवा? रात्रंदिवस? दीड महिना?"

"व्हय."

"आन एकदा बी उडाला न्हाय? लेका, आपल्याकडं करंट असा नाचतोय, माझ्या घरातला दिवा पंधरा दिस टिकंना. कुठल्या दुकानातला घेतलास? का देवळात पुजून आणलास? उघड, बघू दे."

आक्का आतनं आली. "नको रं शिरपा. बरं चाललंय न्हवं? कशाला हात लावतोस?"

ऐकायला पाहिजे होतं. पण बाबूच्या पुढं "उघडत न्हाय" म्हणणं माझ्या स्वभावात नव्हतं. आक्कानं पावण्याला उचलून पदरात घेतलं. मी फ्यूज काढला आणि हातानं वाळू सारली. वाळू खालपर्यंत गरम. गाडगं गरम. गाडगं उचललं... आणि दिव्याला हात लावला.

दिवा थंड. म्हणजे मगाशी बंद केल्यावर निवलेला नव्हे. काचेवर धूळ बसलेली, नुसती बारीक धूळ, कधी तापलाच नसावा असा.

मी पेटी पुढं ओढली. भिंतीच्या बाजूला, पेटीच्या पत्र्याच्या कडेखाली वायर आलेली. दोन्ही तारा साफ तुटलेल्या. टोकांत अर्ध्या बोटाचं अंतर, तांब्यावर हिरवट पूट चढलेलं, आणि त्या मोकळ्या जागेत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. वाळून टणक झालेलं. त्याला भोक पडलेलं, आतली माशी केव्हाच उडून गेलेली.

पेटी सरळ रेषेत बसावी म्हणून मी जी ढकलली होती, तेव्हाच ती कड वायरवर बसली. म्हणजे बटण दाबलं त्या पहिल्या दिवसापासूनच खालचा दिवा बंद.

बाबू उठला. त्यानं फ्यूज परत घातला, वरचा दिवा बंद आहे हे बघितलं, खालचं बटण दाबलं आणि मीटरपुढं जाऊन उभा राहिला. करंट ओढला की मीटरची चकती फिरते. ती थांबलेली. जागची हलेना. मग त्यानं पुन्हा वाळूत हात घातला, मनगटापर्यंत.

"शिरपा," तो हळू आवाजात म्हणाला, "ही दिव्याची ऊब न्हाय रं. दिव्याची ऊब एका जागी जास्त असती. ही सगळीकडं सारखीच हाय. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यावर आंथरुणात हात घालावा, तशी."

"गप," मी म्हटलं.

मी कारण शोधायला लागलो. भिंतीपलीकडं शेजाऱ्याची चूल असेल? जाऊन बघितलं, तिकडं त्यांचं देवघर. वाळूखाली काही कुजत असेल? विटा उचलल्या. खाली कोरडी फळी. ऊन तर येतच नव्हतं. वरच्या दिव्याची ऊब उरत असेल म्हणावं, तर तो संध्याकाळी बंद व्हायचा आणि तेल बघायचो सकाळी.

मग मी पाच दिवस तेच घेऊन बसलो. कामावर गेलो नाही. पावणं चुलीपाशी आक्काच्या मांडीवर. पहिल्या दिवशी गाडगं आणि वाळू होती तशी परत मांडली, वायर तुटलेलीच ठेवली. सकाळी पेटीतलं तेल पांढरंफेक, दगड. दुसऱ्या दिवशी वायर जोडली. सकाळी तेल पाण्यासारखं. तिसऱ्या दिवशी परत सोडवली, तेल दगड. चौथ्या दिवशी सोडवलेलीच ठेवून पावण्याला आत बसवलं, न जाणो त्याच्यामुळंच असेल. आक्का रागानं बघत राहिली, तासातासाला त्याच्या पायाला हात लावून. तेल दगडच, आणि पावणं आखडून बसलं. पाचव्या दिवशी वायर नीट जोडली, पट्टीत घालून भिंतीला ठोकली, पावण्याला आत सोडलं आणि हात जोडले. कुणाला जोडले ते विचारू नका.

म्हणजे हिशोब असा, की बिगरवायरीनं ती पेटी गरम होत नाही. मी स्वतः तपासलं. आणि तरी दीड महिना ती गरम होती. तेही मी स्वतः तपासलेलं, रोज सकाळी, वाटीत बोट बुडवून.

मी आक्काला विचारलं, "तू काय केलंतंस? निखारे घालायचीस? खरं सांग."

"मी कशाला निखारे घालू? तू म्हणालास दिवा हाय, म्या म्हटलं दिवा हाय."

"मग ऊब कुणी दिली?"

ती पावण्याला फूल देत होती. मान वर न करता म्हणाली, "मिळाली न्हवं त्याला? मग तुझं काय दुखतंय?"

माझं जे दुखत होतं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं.

मला वाटलं होतं बाबू पेठभर बोंबलत फिरणार. शिरपाची वायर तुटकी होती, म्हणून. दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर कुणीतरी त्याला विचारलंच, "काय बाबूराव, शिरप्याची पेटी बघितली म्हणं?" मी मागंच उभा होतो. बाबू म्हणाला, "बघितली. काम चोख हाय. आपल्याला न्हाय जमायचं." आणि माझ्याकडं न बघता निघून गेला. तो भ्यायला होता का मला झाकत होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तो विषय आम्ही परत कधी काढला नाही.

पण त्या एका वाक्यानं माझं नाव झालं. कागलहून एकजण आले, कोंबडीची पिल्लं थंडीत मरतात म्हणून. त्यांना पेटी करून दिली. मग आजऱ्याचे आले. मग इथले, तिथले. किती पेट्या केल्या त्याची गणती नाही. त्यातली एकही फेल गेली नाही, कारण प्रत्येक पेटी बसवल्यावर मी वायर हातानं चाचपून बघायचो. लोक मला 'कासववाला मिस्त्री' म्हणायचे. मी मिशीला पीळ द्यायचो. "त्या थंडीत ते कासव कसं जगवलंत हो?" असं कुणी विचारलं की मी गाडगं, वाळू, चंदेरी कागद सगळं रंगवून सांगायचो. वायरचं कधी सांगितलं नाही. घराबाहेर बाबू सोडून ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

पावणं त्यानंतर खूप वर्षं जगलं. आक्काही जगली, चांगली म्हातारी होऊन, जेवूनखाऊन गेली. बाबू गेला. हौसा गेली. त्या सकाळी गाडगं उचललेलं बघणारा आता मी एकटा उरलो आहे.

कुणी मला यामागचं कारण विचारलं तर माझ्याकडं नाही. सगळा जन्म करंटमधी काढलेला माणूस सांगतोय, नाही. भूत होतं असं मी म्हणणार नाही. दाजी होते असं आक्काही कधी म्हणाली नाही, मग मी कोण म्हणणार? एवढंच ठाऊक आहे, की ज्या कामावर माझं नाव झालं, ते काम दीड महिना माझं नव्हतं. ते कुणी केलं, कशानं केलं, मला माहीत नाही, म्हणून त्याचं नाव इथं लिहिता येत नाही. माझं नाव त्यावर लागलंय, तेवढं खोडतो.