रेनकेपच्या आतला घाम

नव्वदच्या दशकात माझी बदली बंगळूरच्या एका ट्रेनिंग सेंटरला झाली, तेव्हा युनिटमधले लोक मला 'घरजावई' म्हणू लागले. कारण माझं घर तिथेच, जे. पी. नगरला. आमचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळूरचंच. घरात मराठी, गल्लीत कन्नड. मी त्या वेळी हवालदार होतो. सगळे मला नुसतं 'राव' म्हणत. तीन वर्षं वाळवंटात काढून मी आलो होतो आणि बंगळूरला आम्ही 'एसी पोस्टिंग' म्हणायचो. इथे कुणाला उष्माघात होतो असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सेंटरच्या बॉक्सिंग टीमचा मी उस्ताद होतो. पहाटे पाचला रनिंग, सातला नाश्ता, नऊला बॅग आणि रिंग, दुपारी झोप, चारला परत रिंग. टीममध्ये शिपाई दत्ता शेळके नावाचा एक पोरगा होता. जत तालुक्यातला. बोलायला कमी, मारायला जास्त. डाव्या हाताचा ठोसा असा की समोरचा दोन पावलं मागे सरकायचाच. तो साठ किलोच्या गटात खेळायचा आणि त्याचं वजन कधीच साठ नसायचं.

सामन्याआधी वजन उतरवायची आमची एक पद्धत होती. मला माझ्या उस्तादानं शिकवली होती, त्याला त्याच्या उस्तादानं. गड्याला पाणी कमी द्यायचं, अंगावर लोकरी जर्सी चढवायची, वरून रबरी रेनकेप घालायची, गळ्याशी आणि कमरेला दोरीनं आवळायची, आणि पळवायचं. घाम धो धो येतो. काटा खाली येतो. यात चूक काही आहे असं त्या काळात कुणालाच वाटत नव्हतं. मला तर मुळीच नाही.

मे महिना होता. सामन्याचं वजन दुसऱ्या दिवशी सकाळी होणार होतं. शेळके पावणेदोन किलो जास्त भरला. आमची टीम त्या आठवड्यात होसकोटेच्या पलीकडच्या फायरिंग रेंजवर कॅम्पला होती. आदल्या संध्याकाळी अर्धा तास पाऊस पडून गेला होता. सकाळी ऊन आलं, वारा पडलेला, आणि हवा अशी की धुतलेली बनियन दोरीवर वाळेना. मी त्या बनियनकडे बघितलंही होतं. त्यावरून काही सुचायला पाहिजे होतं, ते सुचलं नाही.

०८५० वाजता शेळके केप घालून निघाला.

"जमेल ना रे?" मी विचारलं.

"उस्ताद, आमच्याकडं याच्या दुप्पट ऊन असतंय."

हे खरं होतं. जतचं ऊन कोरडं. तिथे घाम दिसायच्या आधी वाळतो.

०९४० वाजता तो पाचव्या फेरीत वेडावाकडा पळायला लागला. मी ओरडलो, तर माझ्याकडे न बघता एका निलगिरीच्या झाडाला म्हणाला, "आई, म्हैस सुटली." आणि कोसळला. केप सोडली तेव्हा तिच्या आतून पाणी ओघळलं. त्याच्या कातडीला हात लावला आणि मी हात मागे घेतला, इतकी ती तापली होती.

मी जे केलं ते सांगतो. त्याला थ्री टन लॉरीत मागे घातलं. ऊन लागू नये म्हणून ताडपत्रीचे पडदे चारही बाजूंनी खाली सोडले. एक जाड ब्लँकेट पाण्यात बुडवून त्याला गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. मला वाटलं, ओलं म्हणजे थंड. शाळेतल्या पोरालाही असंच वाटलं असतं, पण शाळेतल्या पोराच्या हाती कुणी माणसाचा जीव दिलेला नसतो.

रेंजवर मेडिकल कव्हरला हवालदार शंकर मोहिते होता. नर्सिंग असिस्टंट, कागलकडचा. आमच्या सेंटरचा छोटा दवाखाना, म्हणजे एमआय रूम, तोच सांभाळायचा. बारीक अंगाचा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, आणि हातात कायम कसलं तरी विज्ञानाचं पुस्तक. आम्ही त्याला 'प्रोफेसर' म्हणून चिडवायचो. ०९५० ला लॉरी त्याच्यापाशी पोचली. तो मागे चढला आणि आत एक क्षण थांबला. आतली हवा न्हाणीघरासारखी झाली होती.

"राव, ब्लँकेट काढा. पडदे वर."

"अरे, ऊन लागेल त्याला."

"ऊन नाही मारत त्याला. तुमचं ब्लँकेट मारतंय."

त्यानं वाट बघितली नाही. चाकू काढून ताडपत्रीच्या दोऱ्या कापल्या. ब्लँकेट ओढून बाहेर फेकलं. शेळकेचे सगळे कपडे उतरवले. थर्मामीटर लावला. एकशे सात. मोहितेनं आकडा मोठ्यानं वाचला.

रेंजच्या वायरलेस सेटवरून सेंटरला निरोप गेला.

"टायगर, टायगर फॉर टू. कॅज्युअल्टी वन. हीट स्ट्रोक. हॉस्पिटल को बोलो. ओव्हर."

"टू फॉर टायगर. रॉजर. कितना टाइम? ओव्हर."

"एक घंटा. आउट."

०९५५ ला निघालो. मोहिते बाटलीतलं पाणी हातावर घेऊन शेळकेच्या अंगावर पातळ शिंपडत होता. उन्हात राहून ते कोमट झालं होतं. मी म्हणालो, थंड पाणी शोधू का. तो म्हणाला, "कोमटच बरं. लवकर उडतं." ड्रायव्हरला त्यानं एकच ऑर्डर दिली होती, गाडी थांबवायची नाही. उघड्या लॉरीतून वारा भणाणत होता. शेळकेच्या अंगावरचं पाणी डोळ्यांदेखत वाळत होतं, मोहिते परत शिंपडत होता, ते परत वाळत होतं. मी शेळकेचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. हा मेला तर मी मारला, एवढंच डोक्यात होतं.

जुन्या मद्रास रोडवर एक ट्रक आडवा होऊन रस्ता बंद होता. ड्रायव्हरनं व्हाइटफील्डची वाट धरली. तेव्हाचं व्हाइटफील्ड म्हणजे जुने बंगले, बागा आणि एक रेल्वे स्टेशन. १०१४ वाजता स्टेशनजवळचं रेल्वे गेट आमच्या तोंडावर बंद झालं. लॉरी थांबली, वारा थांबला. थर्मामीटर एकशे साडेपाच दाखवत होता. शेळकेच्या छातीवर शिंपडलेलं पाणी तसंच राहिलं. ते थेंब मला अजून दिसतात.

"वारा पाहिजे," मोहिते म्हणाला. "राव, काहीही करा, वारा पाहिजे."

वारा घालायला ड्रायव्हरनं नकाशाची फाइल घेतली, मी टोपी घेतली. त्यानं काय होणार होतं? मी खाली उडी मारली. गेटपाशी एक बाई भाजलेल्या शेंगा विकत होती. मोरा, म्हणजे आपलं सूप, हातात घेऊन शेंगांचा भुसा उडवत होती. भुसा चांगला हातभर लांब जाऊन पडत होता.

"अक्का! मोरा कोडी! आमचा माणूस मरतोय."

तिनं मोरा दिलं नाही. लॉरीत बघितलं, शेंगा तशाच खाली ओतल्या, दुसरं मोरा बगलेत मारलं आणि चाकावर पाय देऊन वर चढली.

"अण्णा, स्वल्प सरी," मला म्हणाली. म्हणजे जरा सरक. उघड्यावाघड्या पडलेल्या शिपायाकडे बघून ती लाजली नाही की बिचकली नाही. घरातल्या आजारी माणसापाशी बसावं तशी बसली आणि मोरा चालवायला लागली. एक मोरा तिच्या हातात, दुसरं माझ्या. माझ्या हाताला तो झोक येईना. तिनं माझं मनगट धरून दाखवलं, वरून नाही, आडवं. मोहिते शिंपडत राहिला. पाणी संपलं तेव्हा तिनं आपली पिण्याची कळशी पुढे केली.

गाडी आली, गेली. मग दुसऱ्या बाजूची मालगाडी आली. सोळा मिनिटं गेट बंद होतं. १०३० ला मोहितेनं थर्मामीटर बघितला, चष्मा पुसला, परत बघितला.

"एकशे चार. उतरतोय, राव. उतरतोय!"

गेट उघडलं. अक्का खाली उतरली. मी हात जोडले. ती म्हणाली, "होगी, होगी," म्हणजे जा, जा, आणि आपल्या शेंगा गोळा करायला वाकली. तिची दोन्ही मोरी आमच्याबरोबर हॉस्पिटलपर्यंत आली. मी ती चार दिवसांनी परत नेऊन दिली, तेव्हा तिनं फक्त 'पोरगा कसा आहे' एवढंच विचारलं.

हॉस्पिटल यायला दहा मिनिटं उरली असताना शेळकेनं डोळे उघडले. आधी ताडपत्रीच्या सांगाड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"उस्ताद, वजन भरलं का?"

मी हसलो आणि हसता हसता रडलो. हवालदारानं शिपायासमोर रडू नये, असा नियम कुठे लिहिलेला नाही. असता तरी मी रडलो असतो. मोहिते लॉरीच्या फळीला टेकून बसला होता. त्यानं उलट्या हातानं कपाळ पुसलं आणि म्हणाला, "आता खायला काय आहे का कुणाकडं?" कुणाकडेच काही नव्हतं.

दोन दिवसांनी मी एमआय रूममध्ये गेलो. माफी मागायची होती, जमत नव्हती. म्हणून विचारलं, "ब्लँकेट ओलं होतं, मग वाईट काय झालं?"

त्यानं माझ्या दोन्ही मनगटांवर स्पिरिट लावलं. एक उघडं ठेवलं, दुसऱ्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली. उघडं मनगट गार पडलं. दुसऱ्यावर नुसता ओलावा.

"पाणी असो की स्पिरिट, त्यातले मॉलिक्यूल सगळे एका वेगानं हलत नाहीत," तो म्हणाला. "काही रेंगाळतात, काही सुसाट. वरच्या थरातले जे सुसाट, तेच बाकीच्यांची पकड तोडून हवेत निसटतात. मागं हळू चालणारे राहतात. हळू म्हणजेच गार. असा घाम अंग गार करतो."

"मग केपमध्ये का नाही केलं?"

"निसटलेले परतही येतात, राव. हवेतनं फिरत फिरत पाण्यावर आपटले की बाकीचे त्यांना परत ओढून घेतात. येताना ते नेलेली उष्णता परत आणतात. गेटमधनं शंभर बाहेर गेले आणि शंभर आत आले, तर आतली स्ट्रेंथ, म्हणजे माणसं, किती?"

"तेवढीच."

"केपच्या आत तेच झालं, पडदे पाडलेल्या लॉरीत ब्लँकेटखालीही तेच. गेले तेवढे आले. काही केपलाच चिकटून तिथं पाणी झाले. ते तुम्ही ओघळताना बघितलंत. वारा असला की निसटलेल्यांना परतायच्या आत लांब नेतो. अक्कानं तेच केलं."

एवढं मोठं शास्त्र, आणि मी ते दोरीवरच्या बनियनवरून ओळखलं नव्हतं. मी त्याला 'माफ कर' म्हणालो. तो म्हणाला, माफी शेळकेकडे मागा, माझ्याकडे चहा प्या.

चौकशी झाली. केप कुणी घालायला लावली, असं विचारलं. मी, असं सांगितलं. सिव्हिअर रिप्रिमांड, म्हणजे कडक ताकीद मिळाली, ती माझ्या हक्काची होती. सेंटरमधून केपची पद्धत त्याच महिन्यात बंद झाली. शेळके तीन महिन्यांनी रिंगमध्ये परतला, पुढच्या वजनी गटात, आणि पोटभर जेवून. त्याला तिथे खेळताना बघितलं की मला उगाचच बरं वाटायचं. अजूनही त्याचा फोन आला की वाटतं.

मोहितेची बदली उत्तरेला, डोंगरातल्या एका पलटणीत झाली. दशक संपता संपता तिथे गोळीबार झाला. जखमी उघड्या उतारावर पडले होते. मोहिते दोघांना ओढून खाली घेऊन आला. ते दोघे जगले. तिसऱ्याकडे जाताना त्याला गोळी लागली.

बातमी कळली तेव्हा मी सुट्टीवर नव्हतो, निघू शकलो नाही. शेळके सुट्टीवर होता, तो निघाला. कुणाला न विचारता कागलकडच्या त्या गावात पोचला आणि खांदा दिला. मग मला पत्र लिहिलं. पोरगा बोलायला कमी तसा लिहायलाही कमी. पत्र एका पानाचं होतं.

मोहितेच्या आईनं त्याला विचारलं, "तू त्याच्या पलटणीतला का, बाळा?"

शेळके म्हणाला, "नाही. मला त्यांनी वाचवलं होतं."

त्या म्हणाल्या, "मग इकडं ये. माझ्याजवळ बस."

दिवस मावळेपर्यंत तो तिथे बसून होता, असं त्यानं लिहिलं होतं.