चालू पंपाचं शवविच्छेदन

यंत्रं का बिघडतात हे शोधून काढणं हा माझा व्यवसाय आहे, आणि आमच्या घरातली सगळी यंत्रं माझ्यापासून जपून ठेवलेली असतात.

वालीवच्या एका कारखान्यात मी हे काम करतो. आमची पद्धत मोठी शास्त्रशुद्ध. यंत्राला लगेच हात लावायचा नाही! आधी त्याच्या कामांचा तक्ता काढायचा. पंपाला पंप म्हणायचं नाही, 'पाणी उचलणे' म्हणायचं. पाइप म्हणजे 'पाणी पोचवणे'. मग यातलं प्रत्येक काम कसकसं बिघडू शकतं ते लिहीत जायचं. खरं कारण पळून जाणार कुठे?

मे महिन्यातला रविवार होता. मी नुकता उठून चहा घेत होतो, तोच वाडीतून आईची हाक आली. (वटारला आमची वाडी आहे. विहीर आणि पंप मात्र शेजारच्या काकांशी सामाईक. पाणी पाळीने घ्यायचं.)

"दिनू, अरे मोटर चालूय आणि आपल्याकडे थेंब नाही! माझी कलमं जातील रे!"

आईने सोनचाफ्याची वीस कलमं लावली होती. भर उन्हाळ्यात लावू नकोस असं सगळ्यांनी सांगितलं, म्हणून तर लावली होती! आता एक वेळचं पाणी चुकलं तरी ती माना टाकणार, आणि अख्खं गाव 'बघ, म्हटलं नव्हतं?' म्हणायला येणार.

"काकांना विचारून ये जरा," आई म्हणाली.

"काकांना? घरात तज्ज्ञ असताना?"

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता काढायला बसलो. आई कलमांवर ओलं फडकं धरून उभी.

"विहिरीला काय लिहिलंस?"

"पाणी साठवणे."

"आणि मला?"

"आई, तू तक्त्यात येत नाहीस."

"नाहीच येत. इथे उन्हात उभी आहे मी!"

तासाभरात सदतीस संभाव्य बिघाड निघाले. मला इतका आनंद झाला की पाणी नाही हे मी विसरूनच गेलो. सगळी बोटं 'पाणी उचलणे'कडे वळत होती. मी मोटर बंद केली, पाना आणला आणि पंप खोलला. आत सगळं ठणठणीत! म्हणून आणखी खोलला. तरी ठणठणीत! तिसऱ्यांदा खोलताना गॅस्केट फाटलं, एक नट विहिरीत गेला, आणि 'बुळुक्' असा आवाज आला. (तोवर पाण्याशी आमचा तेवढाच संबंध आला होता.)

इतक्यात कुंपणापलीकडून काका धावत आले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फावडं.

"माझं पाणी कोणी बंद केलं? अर्धी केळी राहिली ना भिजायची!"

"तुमचं पाणी? रविवार सकाळ आमची पाळी!"

"अरे, गुरुवारी तूच बोललास ना? 'काका, रविवारी सकाळी तुम्ही घ्या, मला जरा झोपायचंय, आम्ही अकराला घेऊ.' म्हणून मी मोटर लावली, पाइपचा कॉक माझ्याकडे फिरवला."

आईला वाटलं होतं मोटर मी लावली, मला वाटलं आईने. पंप बिचारा इमानेइतबारे केळी भिजवत होता. माझ्या सदतीस बिघाडांत 'दिनू विसरला' हा एक मात्र नव्हता.

काकांनी घड्याळ बघितलं. "अकरा वाजले. घे आता तुझी पाळी," म्हणाले आणि सुट्या पंपाकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दोरी आणि बादली आली. मी विहिरीतून ओढायचो, काका वाहायचे, आई एकेका कलमाला तांब्याने पाणी घालायची. दुपारपर्यंत वीसच्या वीस कलमं ताठ उभी होती, मी सोडून सगळे ताठ होते.

संध्याकाळी फिटर आला. पंपाचे अवशेष बघून त्याने कपाळाला हात लावला.

"कुठल्या अडाण्याने खोलला हो हा?"

मी आईकडे बघितलं. माउली ती माउलीच!

"होता एक मिस्त्री," ती शांतपणे म्हणाली. "पुन्हा नाही बोलवणार."

"बोलवूच नका!" बॅटरी धरून उभा असलेला मी म्हणालो. "मी बघत होतो ना, काही म्हणजे काही येत नव्हतं त्याला!"