तिसऱ्या पंख्याची कडी

माझ्या बायकोनं माझ्याबरोबर अडतीस वर्षं संसार केला. माझं खाणं, माझी झोप, कुठल्या गिऱ्हाइकाला मी मनातल्या मनात शिव्या देतो, सगळं तिला पाठ होतं. हे एक मात्र तिला कळलं नाही. ती गेली, आणि सांगायचं राहिलं ते राहिलंच. आज तुम्हाला सांगतो आहे. तुमचं-माझं नातं काय? काही नाही. म्हणूनच जीभ वळते आहे, असं म्हणणार होतो — पण तेही अर्धंच खरं आहे.

मी सुतार, दादरच्या वाडीतला. आता बटण दाबलं की डोक्यावर पाती गरगरतात, त्यामुळे ओढायचा पंखा म्हणजे काय हे तुमच्यातल्या कित्येकांना सांगावं लागेल. छताखाली लाकडाची लांब पट्टी, दोन्ही टोकांना लोखंडी कड्यांनी आकड्यांवर टांगलेली. पट्टीला खाली कापडाची जाड झालर. पट्टीची दोरी भिंतीतल्या भोकातून पलीकडे, आणि पलीकडे पंखेवाला. तो ओढतो, सोडतो, ओढतो. साहेबलोकांच्या बंगल्यांत खोलीला एक पंखा असे. प्लेग येण्याच्या तीन-चार वर्षं आधी गिरगावात एका वकीलसाहेबांच्या घरी मी तीन खोल्यांतले तीन पंखे एका दोरीवर आणले. दोरी एक, माणूस एक, आणि ओढली की दिवाणखान्यापासून माजघरापर्यंत सगळं घर श्वास घेतल्यासारखं हलायचं. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर पाणी. वैशाखातही त्या घरात शिरलं की अंगावर गारवा यायचा. गिरगावातली चार मोठी घरं ते बघायला आली. माझी मान तेव्हा जी ताठ झाली ती झालीच.

त्या मानेखालीच सगळं दडलं आहे. सांगतो.

कडी आणि आकडा, लोखंडावर लोखंड, दिवसभर घासतं. आपल्याकडे समुद्राची खारी हवा. लोखंड उंदरानं कुरतडावं तसं खाल्लं जातं. म्हणून मध्ये चामड्याची चकती घालायची आणि वर्षातून दोनदा चरबी लावायची. पहिल्या दोन खोल्यांत मी तसं केलं. तिसरी खोली म्हणजे माजघर, आणि त्याला लागून देवघर. वकीलसाहेबांच्या आई, सगळे त्यांना आजी म्हणायचे, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की इथं चामडं आणि चरबी चालायची नाही. बरोबरच होतं त्यांचं. सोवळ्याचं घर. मी काय सांगायला हवं होतं? की मग काथ्या आणि कापड गुंडाळतो, पण दर चार महिन्यांनी मला चढून बघावं लागेल. एवढंच. पण चार माणसांसमोर ‘बघावं लागेल’ म्हणणं म्हणजे कामात खोट आहे असं कबूल करणं, असं मला वाटलं. मी म्हणालो, चामड्यावाचून काही अडत नाही, या पंख्याला दहा वर्षं हात लावायला नको. आणि उघड्या लोखंडावर उघडं लोखंड टांगून घरी आलो.

आता धोंडूबद्दल.

धोंडू मालवणकडचा. पडावावर खलाशी होता, डोलकाठीवरून पडून पाय मोडला आणि वाकडाच बसला. समुद्र सुटला. वकीलसाहेबांनी त्याला पंखा ओढायला ठेवला, राहायला जिन्याखालची जागा दिली. चाळिशीचा असेल. मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचा. घरात पाऊल टाकायची त्याला गरजही नव्हती आणि मुभाही नव्हती. जे तीन पंखे तो रोज ओढायचा त्यातला एकही त्यानं डोळ्यांनी पाहिला नव्हता. हे ध्यानात ठेवा — मला तर ते मरेपर्यंत विसरता येणार नाही.

दोन वर्षं गेली. चैत्रात एकदा मी त्याच घरी एका कपाटाचं माप घ्यायला गेलो होतो. निघताना पडवीतून धोंडूनं हाक मारली. उठायला त्याला वेळ लागायचा, म्हणून मीच जवळ गेलो.

“मिस्त्रीनू, तिसऱ्या पंख्याची डावी कडी झिजलीहा. येकदा वर चढान बघा.”

मी हसलो. खरंच हसलो. विचारलं, तुला कोणी सांगितलं? आत कधी गेला होतास? त्यानं दोरी हातात धरली, एकदा ओढली, सैल सोडली, आणि माझ्या हातात दिली.

“पयल्याचो झटको हाताक लगेच लागता. तिसऱ्याचो मागसून येता. तो आता लंगडता.”

मी ओढून पाहिलं. मला दोरी लागली. फक्त दोरी. पंखे मी बनवलेले, तीन भिंतींची भोकं मी पाडलेली, आणि माझ्या हाताला काही म्हणजे काही कळलं नाही. आणि हा माणूस, भिंतीकडे तोंड करून बसलेला, मला डावी-उजवी सांगत होता! शिडाची दोरी हातात धरून वाऱ्याचा अंदाज घेणाऱ्यांचं हे ज्ञान. पण ज्या खोलीत चामडं नाही तिचंच नाव त्यानं कसं घेतलं? चामड्याची गोष्ट तर आत माजघरात झालेली, पडवीपर्यंत ती गेलीच नव्हती. माझ्या अंगावर काटा आला, हे मी आज सांगू शकतो. त्या दिवशी मी दोरी त्याच्या मांडीवर टाकली आणि म्हणालो, उगाच कुरकुर करू नकोस.

चढून बघायला मला किती वेळ लागला असता? शिडी माजघराच्या मागेच होती.

त्याच सुमारास वकीलसाहेबांची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. सव्वा महिना सरला, शेगडी आणि धुरी बंद झाली, आणि पाळणा माजघरात आला. तिसऱ्या पंख्याच्या बरोबर खाली. गारवा तिथं सगळ्यांत चांगला.

वैशाखातल्या एका दुपारी वकीलसाहेबांकडून मला तातडीचं बोलावणं आलं. व्याही मंडळी नातू बघायला आलेली, पानं वाढलेली, आणि धोंडूनं दोरी सोडून दिली होती. ओढतच नव्हता. साहेब पडवीत येऊन ओरडले, तर म्हणाला, खाली पाळणा आहे, मी ओढणार नाही. पाळण्याच्या साखळीचा आवाज आणि आजींची अंगाई त्याला भिंतीतून ऐकू यायची, तेवढ्यावरून त्यानं ओळखलं होतं की पाळणा कुठं आहे. व्याह्यांसमोर घामानं डबडबलेले वकीलसाहेब मला म्हणाले, मिस्त्री, तुम्ही बघा आणि सांगा. पंख्यात दोष असेल तर तुमचं काम, नसेल तर याची आजच सुट्टी.

बघा, कसा सरळ न्याय होता तो. माझ्या एका शब्दावर टांगलेला.

मी बायकांना सांगितलं, धूळ पडेल, बाळाला घेऊन पुढच्या खोलीत जा. पाळण्यातलं दुपटं तिथंच राहिलं. पांढऱ्या दुपट्यावर तांबूस भुकटी होती. आजींना ती कौलांची माती वाटे, रोज झटकायच्या. माती नव्हती ती. माझं लोखंड होतं. झालरीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा दोन बोटं खाली आलेलं, तेही खालूनच दिसत होतं, बघणाऱ्याला. मी शिडी लावून चढलो. उजवी कडी अर्धी राहिली होती. आणि डावी —

डावी कडी आकड्यावर टेकते तिथं नखासारखी पातळ उरली होती. मी बोटानं दाबली आणि ती वाकली. वीस-पंचवीस शेरांची ती सागाची पट्टी. खाली पाळणा.

शिडीवर उभा असताना मला काय वाटलं असेल? तुम्ही म्हणाल, भीती. भीती नंतर आली. आधी जे आलं त्याला मी काय म्हणू? देवळाच्या गाभाऱ्यात एकाएकी समई मोठी झाली तर जसं वाटेल तसं काहीसं. तीन भिंतींपलीकडून, एका दोरीतून, त्या माणसाला हे दिसलं होतं. अक्षरशः दिसलं होतं. मी हात जोडावेत असं मला वाटलं. शिडीवरच.

आणि मग मी काय केलं? थैलीत कड्या होत्याच. दोन्ही बदलल्या. धोतराचा काठ फाडून, त्यात काथ्या घालून आकड्यांना गुंडाळला — जे दोन वर्षांपूर्वी करायचं ते. झिजलेल्या कड्या कमरेला खोचल्या. खाली उतरलो, हात झटकले. वकीलसाहेब, व्याही, दारात आजी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणालो, “पंखा धडधाकट आहे. जरा तेल घातलं. माणसाचा हात ढिला आहे.”

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो.

धोंडूला ओढून दाखवायला सांगितलं. सगळे पडवीत गेले, मीही गेलो. न जाऊन चाललं नसतं. त्यानं दोरी हातात घेतली. एकदा ओढली. थांबला. पुन्हा एकदा, हळू. आणि मला दिसलं की त्याला कळलं. कड्या बदलल्या, हे त्याला कळलं. आत कापड गुंडाळलं हेसुद्धा कळलं असेल, सांगता येत नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं ‘मिस्त्रींची कंबर चाचपा’ एवढं म्हणाला असता तर मी तिथंच मेलो असतो. मी वाट बघत होतो. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो, आणि तिथं — काय सांगू — तिथं सुटका होती. रोज भिंतीपलीकडच्या त्या अंगाईवर जीव टांगून बसलेल्या माणसाची सुटका.

“आता कोणय ओढूंदे,” तो म्हणाला. “आता भय नाय.”

हे तो माझ्याशी बोलला. बाकीच्यांना तो उर्मटपणा वाटला. तिन्हीसांजेच्या आत जिन्याखालचं त्याचं गाठोडं बाहेर आलं. मी तोवर थांबलो नव्हतो.

एवढंच असतं तरी पुरे होतं. पण नाही. ‘हात ढिला’ हा माझा शब्द गिरगावभर त्याच्या पुढे पुढे चालत गेला. मिस्त्रीच म्हणाले म्हटल्यावर कोण ठेवणार? आणि मी? मी त्याची विद्या उचलली. ज्या ज्या घरी कामाला जाई तिथं पंखेवाल्याला बाजूला सारून दोरी हातात धरून बसायचो. पहिला झटका, दुसरा, तिसरा. डोळे मिटून. दोन वर्षं लागली, तेव्हा कुठं थोडंसं कळू लागलं. धोंडूच्या निम्म्यानंही कधी आलं नाही. पण लोकांना तेवढं पुष्कळ होतं. मिस्त्री घरात पाऊल न टाकता कुठली कडी गेली ते सांगतात! बायका मुलांना बाहेर आणून दाखवायच्या. कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, वडिलांनी शिकवलं. माझे वडील बैलगाडीची चाकं करायचे. ओढायचा पंखा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

वकीलसाहेबांचं बोलावणं आलं की मी काही ना काही सबब सांगत गेलो. शेवटी त्यांनी दुसरा सुतार धरला. मग प्लेग आला. लोक घरं सोडून गावी पळाले, पुष्कळांच्या दारांवर कुलपं लागली, त्यांच्याही लागलं. कोण गेलं, कोण राहिलं, कोण कुणाला विचारणार?

त्यानंतरच्या हिवाळ्यात साग बघायला मी बंदराकडच्या लाकडाच्या वखारीत गेलो होतो. ओंडके उतरवायचं काम चाललं होतं. एका ओंडक्याच्या सावलीत, वाकडा पाय पसरून, एक माणूस फाटके दोर सांधत बसला होता. मी ओळखलं, आणि वळलो. पण त्यानंही ओळखलं होतं. हाक मारली, तीच, पूर्वीसारखीच, मानानं. मी गेलो. वाटलं, आता बोलेल. बोलू दे. त्याच्या दाढा गेल्या होत्या, गाल आत बसले होते. हातातला दोर त्यानं खाली ठेवला आणि विचारलं,

“बाळ बरां आसा मां?”

मी म्हणालो, “बरं आहे. चांगलं दुडुदुडु धावतंय.”

त्यानं मान हलवली. हसला. जन्मभराचं काही हाती आल्यासारखा हसला, आणि दोर पुन्हा उचलून सांधायला लागला.

त्या दुपारनंतर मी त्या घराचा उंबरा कधी चढलो नव्हतो. मूल कसं आहे, प्लेगातून राहिलं की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. आजही ठाऊक नाही.